जमिनीवरचे विमान : सिम्युलेटरच्या क्षेत्रातील व्यवसायसंधी

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे चोपडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या डोंगरभागात, वैमानिक प्रशिक्षणाचे एक लहान विमान कोसळले. शिरपूरहून उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षण संस्थेचे ते विमान होते. प्रशिक्षकांचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. वाहन जाऊ शकत नव्हते अशा त्या जागेतून आसपासच्या आदिवासी बांधवांनी कापडाची झोळी करून तिला खाली आणले. डोक्यावरून घोंघावत जाणारी विमाने तोवर तालुक्याला केवळ कुतूहलाचा विषय होती. त्या दिवशी उड्डाणाचे शिक्षण किती जोखमीचे असते, हे चोपड्याने जवळून पाहिले.

त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी तर्क करण्याचे हे स्थळ नव्हे. ते काम तपास यंत्रणेचे. परंतु प्रत्येक उड्डाणशाळेपुढे असलेला एक मूलभूत प्रश्न या निमित्ताने विचारात घेणे अगत्याचे आहे. कोणतीही विद्या चुकतमाकत शिकली जाते. मग चुकण्याची मुभा वैमानिकाला कोठे मिळावी? आकाशात ती फारच थोडी मिळते. ती मुभा जमिनीवर देणारे यंत्र म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, अर्थात उड्डाणाचा हुबेहूब आभास निर्माण करणारे यंत्र. हे यंत्र चालविणारी, राखणारी आणि त्यावर शिकविणारी माणसे कोण असतात, आणि खानदेशातील मुलामुलींना त्या कामात वाव आहे काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

खानदेशाचे आकाश

विमानविद्या हा विषय खानदेशाला आता परका राहिलेला नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी धुळ्याच्या धावपट्टीवर सराव करीत आले आहेत. शिरपूरला प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. मार्च २०१२ मध्ये जळगाव विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाणशाळांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचा समावेश होता. राज्याच्या पूर्व टोकाला गोंदियाजवळ बिरसी येथे प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडातील सिम्युलेटर बनविणारी कंपनी यांनी मिळून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभारली.

तथापि विमान म्हटले की आपल्या शाळांत दोनच व्यवसायांची नावे निघतात : वैमानिक आणि हवाई सुंदरी. या दोहोंच्या मागे राहून काम करणारा जो मोठा तांत्रिक वर्ग आहे, त्याची ओळख विद्यार्थ्यांना क्वचितच करून दिली जाते.

ऑर्गनच्या भात्यातून

सिम्युलेटरचा उगम मोठा मनोरंजक आहे. संगीत नाटकांमुळे मराठी रसिकांस ऑर्गन हे वाद्य परिचित आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी पियानो व ऑर्गन बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा एडविन लिंक याला विमान चालविण्याची ओढ होती. पण उड्डाणाचे शिक्षण फार महाग पडे. त्याने वडिलांच्या कारखान्यातील भाते, झडपा आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास एक लाकडी विमान तयार केले. ते जागचे हलत नसे. मात्र दांडा फिरवावा तसे कलत असे, वळत असे. आरंभी लोकांनी ते जत्रेतील खेळणे मानले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. धुके, हिमवर्षाव आणि अंधार यांत केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्याने अनेक जण प्राणास मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांवर पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी सराव केला. वाद्याच्या कारागिराचे कसब असे विमानविद्येच्या कामी आले.

यंत्राची रचना

आजचा पूर्ण क्षमतेचा सिम्युलेटर एका लहानशा खोलीएवढा असतो. आत विमानाचा चालककक्ष जसाच्या तसा उभारलेला असतो. खुर्च्या, कळा, दिवे, दांडे सर्व खऱ्या विमानातले किंवा त्याबरहुकूम केलेले. ही खोली सहा लांबणाऱ्या-आखडणाऱ्या पायांवर उभी असते. ट्रॅक्टरचा नांगर उचलणारा हायड्रॉलिक दांडा ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हे पाय पूर्वी तेलाच्या दाबाने चालत. आता बहुधा विजेच्या मोटारींवर चालतात. वैमानिकाने दांडा हलविला की संगणक विमानाची नवी स्थिती सेकंदाला अनेक वेळा गणित करून काढतो आणि पाय, पडद्यावरील दृश्य, आवाज व काटे हे सारे त्यानुसार एकदम बदलतात. हा बदल किती वेळात व्हावा, यालाही बंधन असते. १५० मिलिसेकंद ही दीर्घकाळ प्रचलित असलेली मर्यादा होय.

हे पाय थोडेच अंतर सरकतात. मग धावपट्टीवर वेगाने सुटल्याचा भास कसा होतो? विमानाने वेग घेतला की खोली किंचित मागे कलते. शरीराचे वजन खुर्चीच्या पाठीवर येते, समोरच्या पडद्यावर धावपट्टी झपाट्याने मागे पडत असते, आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्यालाच वेगवाढ समजते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला गुरुत्व आणि त्वरण यांचा संबंध समजावण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

अशा यंत्रात इंजिनाला आग लावता येते, दाट धुके पाडता येते, एक इंजिन बंद ठेवून विमान उतरविता येते. विद्यार्थी चुकला तर प्रशिक्षक यंत्र थांबवितो, चूक दाखवितो आणि तोच प्रसंग पुन्हा उभा करतो. नव्या गोऱ्ह्याला शेतकरी पहिल्याच दिवशी पाभरीला जुंपत नाही. पेरणीची ओळ वाकडी गेली तर हंगाम हातचा जातो. आधी मोकळ्या रानात सराव, मग पेरणी. सिम्युलेटरमागील विचार याहून निराळा नाही.

यंत्राचा खरेपणा

या यंत्राचे मोल दाखविणारी एक घटना १९ जुलै १९८९ ची आहे. अमेरिकेत युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाचे शेपटीकडील इंजिन फुटले आणि विमान वळविणाऱ्या सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचे प्रशिक्षक डेनी फिच होते. १९८५ मध्ये जपानमध्ये अशाच बिघाडाने एक विमान पडून ५२० जणांचा मृत्यू झाला होता. त्या अपघाताचा अभ्यास करून फिच यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीअधिक करून विमान वळविण्याचा प्रयोग सिम्युलेटरवर केलेला होता. त्यांनी चालककक्षात जाऊन वैमानिकांना साहाय्य केले. विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत पोहोचले. उतरताना ते मोडले, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले.

याची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात कोसळून ३४६ जण दगावले. त्यानंतर मे २०१९ मध्ये बोइंग कंपनीने मान्य केले की, या विमानाच्या सिम्युलेटरची संगणकप्रणाली उड्डाणातील काही परिस्थितींचे यथार्थ अनुकरण करू शकत नव्हती व ती दुरुस्त करावी लागली. शेपटीचा कल हाताने बदलण्याचे चाक अशा वेळी किती जड जाते, हे त्या यंत्रात खऱ्याप्रमाणे जाणवत नव्हते.

यातून निष्पन्न होणारी गोष्ट स्पष्ट आहे. सिम्युलेटर जे शिकवितो ते वैमानिकाच्या हातात मुरते. यंत्र खोटे असेल तर खोटेच मुरते. म्हणून यंत्राचा खरेपणा राखणारा तंत्रज्ञ हाही प्रवाशांच्या जिवाचा राखणदार होय, मग तो आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नसो.

कामाचे स्वरूप

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? मोठ्या प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर दिवसाचे वीस-वीस तास चालतो. उरलेल्या थोड्या तासांत, बहुधा मध्यरात्रीनंतर, देखभालीचे पथक त्याचा ताबा घेते. प्रशिक्षकांनी नोंदवहीत लिहिलेले दोष एकेक करून काढले जातात : एखादा दिवा लागत नाही, दृश्याचा रंग फिका पडला आहे, दांडा किंचित सैल वाटतो. शेवटचा दोष दिसण्यात क्षुल्लक. पण तोच सर्वांत गंभीर असू शकतो. खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणात नोंदलेली मापे तंत्रज्ञांजवळ असतात. दांडा ओढावयास किती जोर लागतो, याचा आलेख काढून तो त्या मापांशी ताडून पाहावयाचा आणि फरक मर्यादेबाहेर गेला तर यंत्र जुळवावयाचे, अशा शेकडो चाचण्या वर्षभरात विभागून घेतल्या जातात. त्यांच्या आधारे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय यंत्राची मान्यता पुढे चालू ठेवते. विमानमार्गांची माहिती दर २८ दिवसांनी नवी भरावी लागते. सकाळी पहिली तुकडी येण्यापूर्वी यंत्र तपासून, सही करून स्वाधीन करावयाचे असते.

या कामात इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत, यंत्र व संगणक अशा चारही शाखांची माणसे लागतात. काही जण दृश्यप्रणाली सांभाळतात, काही हालचालीची यंत्रणा, काही संगणकप्रणाली. याखेरीज वेळापत्रक आखणारे, पाठ रचणारे आणि प्रशिक्षक असतात. प्रशिक्षक मात्र अनुभवी वैमानिकच असावा लागतो. निवृत्त वैमानिकांचे ज्ञान येथे कामी येते.

मागणीचे कारणही समजण्याजोगे आहे. विमान कंपनीच्या वैमानिकाची कौशल्यचाचणी दर सहा महिन्यांनी होते आणि ती बहुधा सिम्युलेटरवर घेतली जाते. म्हणजे एक वैमानिक वाढला की तो नोकरीत असेपर्यंत वर्षातून दोनदा सिम्युलेटरकडे येणारच. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. ही विमाने जसजशी ताफ्यात दाखल होतील, तसतसे सिम्युलेटरच्या तासांचे कामही वाढत जाईल.

शिक्षणाचा मार्ग आणि सावधगिरी

वैमानिक होण्याचा खर्च लाखो रुपयांच्या घरात जातो, आणि त्यापायी शेत विकण्याचा विचार करणारी कुटुंबेही असतात. सिम्युलेटर तंत्रज्ञाचा मार्ग तुलनेने अल्पखर्चाचा आहे. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, त्यानंतर इच्छा असल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्यांनाही पदविकेचा मार्ग खुला असतो. खऱ्या विमानाची दुरुस्ती प्रमाणित करण्यास महासंचालनालयाचा परवाना लागतो. सिम्युलेटरच्या तंत्रज्ञास तो लागत नाही. विशिष्ट यंत्राचे शिक्षण कंपनी नोकरीत घेतल्यावर देते. उमेदवाराजवळ असावयास हवे ते हे : विद्युत-मंडलाचा आराखडा वाचता येणे, मोजमापाची शिस्त, माहितीपुस्तिका समजण्यापुरते इंग्रजी आणि रात्रपाळीची तयारी.

सत्य परिस्थितीही सांगितली पाहिजे. प्रत्येक केंद्रात अशा जागा थोड्याच असतात, आणि बहुतेक मोठी केंद्रे मुंबई, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली परिसरात आहेत. चोपड्याच्या मुलाला वा मुलीला गाव सोडावे लागेल. नोकरीची हमी देऊन भरमसाट शुल्क उकळणारे अभ्यासक्रमही या क्षेत्रात निघू शकतात. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहिल्याखेरीज कोणी पैसे भरू नयेत. मात्र हे कौशल्य एकाच दारी अडकून पडत नाही. रेल्वेचे इंजिनचालक, जहाजांवरील अधिकारी, औष्णिक वीज केंद्रांतील चालक यांचे शिक्षणही आता सिम्युलेटरवर होते. विमानात जागा न मिळाली, तरी शिकलेली विद्या वाया जात नाही.

या बाबतीत गावपातळीवर करण्याजोगे बरेच आहे. विज्ञान शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात या व्यवसायाची माहिती द्यावी. मुलींना ती आवर्जून द्यावी, कारण या कामात अंगबळापेक्षा चिकाटी व अचूकपणा यांची गरज अधिक असते. पंचायत सदस्यांनी तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाच्या तारखा व शिष्यवृत्तीची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेत लावावी आणि पाड्यांवरील कुटुंबांना जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी साहाय्य करावे. प्रवेश हुकतात ते पुष्कळदा गुणांअभावी नव्हे, तर दाखल्याअभावी. तहसील कार्यालयाने ते दाखले जूनच्या गर्दीपूर्वी, शाळेतच शिबिर घेऊन दिले, तर पंप दुरुस्त करता करता विजेचे गणित शिकलेल्या एखाद्या मुलाचे वर्ष वाचेल.