ख्रिस्ती धर्म, इतर धर्म आणि आपला शेजार

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने मला ‘ख्रिस्ती धर्म आणि इतर धर्म’ हा विषय दिला. मी काही धर्माचा अभ्यासक नाही. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे दोन खाती शेजारी ठेवून ताळा पाहायची सवय आहे, एवढंच.

‘सगळे धर्म एकच शिकवतात’ असं आपण सहज म्हणतो. पण तसं नाही. गीतेतला देव पुन्हापुन्हा अवतार घेतो. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकदाच, येशूच्या रूपाने माणूस झाला. इस्लाम येशूला पैगंबर मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. बुद्धाच्या मार्गात जगाचा निर्माता लागत नाही. वाट आपली आपणच चालायची. आपण म्हणतो, कर्माचं फळ भोगावं लागतं. ख्रिस्ती म्हणतात, आमचं देणं येशूने क्रुसावर फेडलं. हे फरक खरे आहेत. ते पुसायचं कारण नाही.

तरी त्यांच्यामधून वाट निघते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली चित्पावन घरात जन्मले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण अभंग-कीर्तन सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ‘मी पतित, तूच तार’ ही विनवणी वारकऱ्याचीही तीच आहे ना!

लक्ष्मीबाईंना मात्र ही वाट फार जड गेली. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे टिळकांकडे आल्या, तरी सोवळं-ओवळं सुटेना. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलंय. देवापेक्षा अवघड गेलं ते दुसऱ्याच्या हातचं पाणी! जातिभेद माणसाने केलेला आहे हे मनाला पटलं, तेव्हा गाठ सुटली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अर्थात बाप्तिस्म्याने जात जातेच असं नाही. ख्रिस्ती समाजातही ती शिरलेली आहे.

आता आपल्याविषयी बोलतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती कुटुंबाला आपल्याकडे फ्लॅट घ्यायचा होता. ‘त्यांचं खाणंपिणं वेगळं’ अशी कुजबुज झाली. मी खजिनदार होतो. कागदपत्रांत काही खोट नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. विषय तीन मीटिंगा पुढे ढकलला गेला, आणि त्या लोकांनी दुसरीकडे घर घेतलं. कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. फक्त ‘हो’ म्हटलं नाही.

हिशोबातली चूक सापडली की आम्ही तिची दुरुस्ती नोंद करायचो. माझी ती नोंद आज करतो आहे. पुढचा अर्ज येईल तेव्हा कागद तपासा, आडनाव नको. आणि मी पुन्हा गप्प बसलो, तर मला हात धरून उभं करा.