कावळ्याची गोष्ट आणि मुलाचा प्रश्न



तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मी अनेक वर्षे शिकविली. “गुरुजी, हे खरे का?” असे एका मुलाने विचारले, तेव्हा मी त्यास गप्प बसविले. ती माझी चूक होती.

२००९ साली इंग्लंडात बर्ड व एमरी या संशोधकांनी काककुळातील रूक पक्ष्यांपुढे नळीतील पाण्यावर तरंगणारी अळी ठेविली. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणिले व अळी टिपली. लहान खड्यांपेक्षा मोठे खडे त्यांनी पसंत केले. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावरील कावळे तर काटकीस आकडा करून खाचांतील किडे ओढून काढतात. हे गॅव्हिन हंट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले.

मात्र येथे मनीषनगरात कावळा घरट्यात तारेचे तुकडे गुंफतो, ते अवजार नव्हे. ते बांधकामाचे साहित्य होय. एखादी वस्तू हाताळून तिच्याकरवी दुसरे काम साधले, तरच ती अवजार ठरते. हा भेद मुलांस समजावून द्यावा.

वर्गात दोन पेले घ्यावेत. एकात अर्ध्याहून अधिक, दुसऱ्यात तळाशी थोडेसे पाणी ठेवावे व मुलांकरवी खडे टाकवावेत. पहिल्यात पाणी काठाशी येईल. दुसऱ्यात ते खड्यांच्या फटींतच राहील. मग गोष्टीतील मडक्यात पाणी निदान किती असले पाहिजे, हे मुलेच शोधून सांगतील.

विचारणाऱ्या मुलास गप्प बसवू नये, एवढीच माझी विनंती आहे.