पाच पेशींचा डोळा



ज्ञानेंद्रियांनी निरोप आणावा आणि शिकण्याचे काम मेंदूने करावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आढळणाऱ्या हर्मिसेंडा या समुद्री गोगलगाईने या समजुतीला धक्का दिला.

काही सेंटिमीटर लांबीचा, पाठीवर शंख नसलेला हा मृदुकाय प्राणी. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे दहा कोटी प्रकाशग्राही पेशी असतात. हर्मिसेंडाच्या डोळ्यात अवघ्या पाच. एवढ्या भांडवलावर दृश्याचे चित्र उमटत नाही, उजेडाची जाणीव मात्र होते. या पाचांपैकी दोन पेशी 'अ' प्रकारच्या, तर तीन 'ब' प्रकारच्या आहेत.

अंधारात या पेशींचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असतो. प्रकाश पडताच धनभारित कण आत शिरतात, ऋणभार घटतो आणि पेशीतून विद्युत्स्पंद निघू लागतात. माणसाच्या दृष्टिपटलातील पेशींत याच्या नेमके उलट घडते. तेथे प्रकाशाने ऋणभार वाढतो. 'अ' पेशींचे स्पंद पुढील चेतापेशींमार्फत पायाच्या हालचालीपर्यंत पोहोचतात आणि प्राणी उजेडाकडे सरकतो. 'ब' पेशी मात्र 'अ' पेशींना आवर घालतात. म्हणजे हा चिमुकला डोळा केवळ निरोप पोहोचवत नाही. निरोप किती जोराने जावा, हेही तोच ठरवतो.

डोळ्याजवळच तोल सांभाळणारा एक सूक्ष्म कोश असतो. लाटांनी पाणी घुसळले की त्यातील केसयुक्त पेशी चेततात आणि प्राणी पाय आवळून खडकाला घट्ट धरतो. अमेरिकेतील वूड्स होल येथे डॅनियल अल्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात याचाच उपयोग केला. फिरत्या तबकडीवर ठेवलेल्या या प्राण्यांना त्यांनी प्रकाश आणि गरगर यांचा अनुभव वारंवार एकाच वेळी दिला. पुढे नुसता प्रकाश दिसला, तरी ते त्याकडे जाण्यास विलंब करू लागले. हा बदल कित्येक दिवस टिकला. प्रकाश आणि गरगर यांची वेळ जुळवली नाही, तेव्हा मात्र तो धडा रुजला नाही.

हा धडा कोठे नोंदला गेला? 'ब' पेशींत त्याची खूण सापडली. प्रकाश व गरगर एकत्र आले की पेशीतील कॅल्शियम वाढते. त्यातून सुरू होणाऱ्या रासायनिक साखळीमुळे पोटॅशियमला बाहेर सोडणाऱ्या वाटा आखडतात. मग तोच प्रकाश पेशीला अधिक उत्तेजित करतो, 'अ' पेशींवरील आवर वाढतो आणि पाऊल रेंगाळते. पुढील संशोधनात इतर पेशींतही बदल आढळले. तरी स्मृतीचा एक अंश प्रत्यक्ष डोळ्यातच वसतो, ही गोष्ट स्पष्ट झाली.

स्मृती ही एके काळी केवळ तत्त्वचिंतनाची बाब होती. आज तिचा माग एका पेशीच्या पटलापर्यंत काढता येतो, आणि त्याचे श्रेय या नगण्य वाटणाऱ्या जीवालाही आहे. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : शिकण्याने केवळ माहिती वाढत नाही, पाहणारा डोळाही बदलतो. शिकलेल्या हर्मिसेंडासमोरचा प्रकाश पूर्वीचाच असतो. त्याला मिळणारे उत्तर मात्र पूर्वीचे राहत नाही.