कारळ्याचे तेल आणि मुठेल

कारळे, म्हणजेच खुरासणी, हे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, नाचणी-वरीच्या सोबतीने येणारे पीक. महाड-पोलादपूरच्या कापड्यासारख्या गावांत कारळ्याची ओळख आज मुख्यतः चटणीपुरती आहे. त्याचे तेल मात्र मागे पडले. या काळ्या, बारीक दाण्यात 30 ते 40 टक्के तेल असते. त्यातला मोठा वाटा लिनोलेइक आम्लाचा. हे स्निग्धाम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, ते आहारातूनच मिळावे लागते. संपृक्त चरबीऐवजी असे तेल घेतल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. पण ते लवकर खवट होते. म्हणून थोडेच गाळून घ्यावे, झाकून अंधारात ठेवावे; तळणासाठी पुन्हापुन्हा तापवू नये.

कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजे मुठेल, कारळ्याच्या तेलाच्या अगदी उलट. वाळलेल्या बिया फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्निग्धांश निवत आला की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. बोटांचे ठसे त्यावर तसेच राहतात. सुमारे 40 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या या तेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते. हे आम्ल संपृक्त असूनही कोलेस्टेरॉल फारसे वाढवत नाही. टाचांच्या भेगांवरही मुठेल लावतात.

तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे उष्मांक 9च मिळतात.