माणसाचे ट्रिप्सिन, जिवाणूंच्या हातचे



आजचा विषय वाचून कोणी म्हणेल, की पोटातला पाचकरस बाटलीत भरण्यात व्याख्यान देण्याजोगे ते काय? आमच्या मते पुष्कळ आहे.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची आडवी ग्रंथी असते. ती दिवसाकाठी सुमारे दीड लिटर रस लहान आतड्यात सोडते. त्या रसातले ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे पचन घडवून आणणारे द्रव्य, डाळीतली, अंड्यातली प्रथिने तोडते. पण स्वादुपिंडही प्रथिनांचेच. मग ते स्वतःच का पचून जात नाही? कारण ग्रंथीत तयार होते ते ट्रिप्सिनोजेन, म्हणजे म्यानातली तलवार. म्यान उतरवणारे दुसरे विकर आतड्यात बसलेले असते. चुकून तलवार ग्रंथीतच उपसली गेली, तर ट्रिप्सिनचा एक रेणू दुसऱ्याला ठरावीक जागी तोडून निकामी करतो. भस्मासुराने स्वतःच्याच मस्तकी हात ठेवावा, तसे हे.

काही घराण्यांत मात्र दारूला न शिवताही, बालपणापासूनच, स्वादुपिंड वरचेवर सुजते. पोटातली कळ थेट पाठीत जाते. १९९६ साली अमेरिकेत डेव्हिड व्हिटकॉम्ब व त्यांचे सहकारी यांनी अशा घराण्यांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकातली एका अक्षराची चूक शोधली. तिच्यामुळे आजच्या मोजणीने १२२ व्या जागेवरचे आर्जिनीन जाऊन हिस्टिडीन येते. आणि ट्रिप्सिन तोडते ते लायसीन किंवा आर्जिनीन यांच्याच पुढे! म्हणजे भस्मासुराचा हात मस्तकापर्यंत पोचतच नाही.

तर्क सुरेख, पण तो पडताळायचा कसा? रोग्याचे स्वादुपिंड काही कापून आणता येत नाही. गाईगुरांचे ट्रिप्सिन नॉर्थ्रॉप आणि कुनिट्झ यांनी १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांतच स्फटिकरूपात मिळवले होते. परंतु माणसाचे ट्रिप्सिनोजेन गुरांच्या मानाने फार लवकर आपले आपण जागे होते. गुरांवरून माणसाचा निवाडा करता येईना.

तेव्हा मानवी जनुकाची प्रत जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते करवून घेतले. करवायचे तेही म्यानासकट. उघडे ट्रिप्सिन जिवाणूलाच खाऊन टाकील. जिवाणूत त्याच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. त्या विरघळवून रेणूची घडी नव्याने बसवावी लागते. हे काम किचकट, पण एवढे केले की हवे ते अक्षर बदलून निर्दोष आणि सदोष रेणू शेजारी शेजारी ठेवता येतात.

मिक्लोश शाहिन-टोथ यांनी २००० साली हेच केले. सदोष ट्रिप्सिन स्वतःला तोडण्यास दाद देत नाही, हे दिसलेच. शिवाय सदोष ट्रिप्सिनोजेन आपले आपण अधिक जागे होते, हेही दिसले. आम्हांला हे दुसरे उत्तर अधिक मोलाचे वाटते, कारण मूळ तर्कात ते नव्हते. पुढे २००७ साली कळले, की ट्रिप्सिनोजेन मोडण्याच्या कामी कायमोट्रिप्सिन-सी नावाचे आणखी एक विकर पहारा देते. पुढच्याच वर्षी त्याच्याही जनुकातले दोष रोग्यांत आढळले.

बाटलीवर मात्र लिहिलेले असते: केवळ संशोधनासाठी. ज्यांचे स्वादुपिंड निकामी झाले, त्यांना आजही डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या कॅप्सूलच जेवणाबरोबर घ्याव्या लागतात.