मुंबई ते दुबई : अंतर किती, वेळ किती?

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात आहे. माझ्या खालाचा मुलगा प्रथम दुबईला निघाला, त्या दिवसाची गोष्ट सांगतो. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून सकाळी १० ला सुटणार, दुबईला ११.३० ला पोहोचणार. खाला म्हणाली, "म्हणजे दीड तासाचाच रस्ता!" साडेअकरा वाजताच ती फोनजवळ जाऊन बसली. साडेबारा झाले तरी फोन नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली. मी पदवीधर शेजारीच बसलो होतो. पण मलाही तिची समजूत घालता येईना. मुलगा तर अजून हवेतच होता!

पुढे परतीचे तिकीट पाहिले. दुबईहून १० ला निघून मुंबईस २.३० ला. जाताना दीड तास, येताना साडेचार! मित्रांनो, दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या असतात. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते, दुबईचे ६० अंशांवर. फरक २२.५ अंश. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून फरक दीड तासाचा. दीड आणि साडेचार यांची बेरीज सहा. निम्मे केले की प्रवास तीन तासांचा. वाऱ्यामुळे त्यात थोडा फरक पडतो, एवढेच.

आता अंतर. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ६.२ अंशांचा फरक आहे. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून ६८८. रेखांशांत फरक १७.५ अंशांचा, या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०३ किलोमीटरचा, म्हणून १,८०३. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. कर्ण काढा, उत्तर येते सुमारे १,९३० किलोमीटर. ताशी ८५० च्या वेगाने हे अंतर सव्वादोन तासांचे. बाकीचा वेळ धावपट्टी, चढण, उतरण आणि मार्गातील वळणे यांत जातो.

यात शाळेत न शिकवलेले असे काय आहे? अक्षांश-रेखांश भूगोलात, कर्ण भूमितीत. गझनीहून मक्केची दिशा अचूक काढता यावी म्हणून अल्-बिरूनीने अकराव्या शतकात शहरांचे अक्षांश-रेखांश व अंतरे यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आम्ही मात्र हे धडे परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाचा पासपोर्ट जरूर काढा. पण त्याआधी त्याच्या हाती नकाशा द्या आणि हे गणित त्याच्याकडून करवून घ्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ते आपल्या आईला समजावून सांगा. तुमच्यापैकी कोणी उद्या दूर जाईल, तेव्हा फोनजवळ बसलेल्या त्या माउलीचे दीड तासाचे रडणे तरी वाचेल.