रक्ताची साक्ष



जळगाव-धुळ्याच्या बाजारांत आमचे हमाल हृदयविकाराचा झटका सोसून पुन्हा पोती उचलतात. दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असे आम्हीही समजत होतो. पण पुढील वर्षांचा धोका रक्त सांगते. झटका आलेल्याचे एलडीएल कोलेस्टेरॉल डेसिलिटरला ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावे. एनटी-प्रोबीएनपी वाढणे ही हृदयावरील ताणाची खूण. लायपोप्रोटीन-ए बहुतांशी आनुवंशिक. ते आयुष्यात एकदा तपासले तरी चालते, वाढलेले निघाले तर मुलांचेही पाहावे.

हे आकडे म्हणजे कपाळीचा लेख नव्हे; गोळ्या न चुकविण्याचा, तंबाखू सोडण्याचा तो इशारा आहे. मात्र त्याच कागदावरून कोणाची रोजी जाता कामा नये. १९६९ च्या माथाडी कायद्याने घामाचा हिशेब मांडला. आता या तपासण्याही हक्काच्या व्हाव्यात, हेच आमचे मागणे.